हात दाखवला म्हणून

"कोनता हात वर करा व्हता व?"

नानाने विचारलं आणि मी मूर्ख पोर, तोच हात पुन्हा वर करून दाखवला. उजवा. मला वाटलं, मोठा माणूस विचारतोय तर सांगावं.

त्याने तो मनगटाशी धरला आणि पिळला. धुणं पिळतात तसा. आत काहीतरी कटकन मोडलं. आधी ते ऐकू आलं, दुखलं मग. मी किंचाळले तशी त्याने दुसऱ्या हाताने थोबाडीत दिली. "गाडी तुना बापनी शे का? भिलाटीपुढे गाडी थांबाडस? कोनी शिकाडं तुले?"

मी रडत रडत गाडीकडे बोट केलं. डाव्या हाताचं. गाडीच्या अंगावर लिहिलेलं होतं ना, ठळक अक्षरांत: हात दाखवा, बस थांबवा. मी नुकती वाचायला शिकले होते. दिसेल ते वाचायचे. खताच्या गोण्या, बियाण्याच्या पिशव्या, दुकानाच्या पाट्या. गाडीवरचं वाचलं तेव्हा मला वाटलं, हा सरकारचा हुकूम आहे. ज्याला गाडी पाहिजे त्याने हात दाखवायचा, गाडीने थांबायचं. इतकं सोपं. शहाण्या माणसाला कळतं की असं लिहिलेलं सगळ्यांसाठी नसतं. भिलाटीतल्या पोरीला ते कोण सांगणार?

भिलाटी म्हणजे आम्हा भिल्लांची वस्ती. खानदेशात गावोगाव असते. आमची गावाच्या अलीकडे, चोपड्याकडून येणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. गाडी आमच्या दारावरून जायची. धूळ आमच्या भाकरीवर बसायची. पण गाडी थांबायची गावात, पाराजवळ, नानाच्या घरासमोर. आम्ही तिथवर चालत जायचं, सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, आणि जागा उरली तर चढायचं.

त्या दिवशी ड्रायव्हर नवा होता, बाहेरगावचा. त्याला आमच्या गावचे कायदे माहीत नव्हते. त्याने एक पोरगी हात दाखवताना पाहिली आणि ब्रेक मारला. बस्स, एवढाच त्याचा गुन्हा. भिलाटीसमोर गाडी थांबली. मी आनंदाने उडीच मारली. आणि पुढच्या सीटवरून नाना उतरला.

नाना म्हणजे गावाचा मोठा केळीवाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर त्याच्या बागा. आमची सगळी भिलाटी त्याच बागांत राबायची.

माय शेतातून धावत आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. सरळ नानाच्या पायावर डोकं. "सोडी दे नाना, लेकरू शे. चुकी गयं. तुना पाय धरस." नानाने पाय झटकला. तिच्या कपाळाला धूळ लागली. मग माय उठली आणि तिनेही मला मारलं, पाठीत, धपाधपा, नाना बघेल अशी. खिडक्यांतून सगळं गाव बघत होतं. बाया, म्हातारे, माझ्या वर्गातली पोरं. एक माणूस खाली उतरला नाही. नाना सावकाश वर चढला, बसला, धोतर नीट केलं. कंडक्टरने दोरी ओढली. टिंग टिंग. दोनदा वाजलं की गाडी निघते. डबल बेल म्हणतात त्याला. मी ती आधीही ऐकली असेल, पण त्या दिवसापासून ती माझ्या हाडात वाजते.

हाडं बसवणारा एक म्हातारा होता पलीकडच्या गावात. त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड बसलं, पण वाकडं. मनगट आजही बाहेरच्या अंगाला वळलेलं आहे.

कामट्या बांधून शाळेत गेले. गुरुजींनी हात बघितला, हसले आणि फळ्यावर लिहिलं: हात दाखवून अवलक्षण. "अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा." पहिल्या बाकावरच्या पोराने पटकन हात वर केला. त्याचा कोणी मोडला नाही. उभा राहून म्हणाला, "भिलाटीच्या मुलीने हात दाखवून अवलक्षण करून घेतले." गुरुजी म्हणाले, शाब्बास. सगळा वर्ग हसला. मीपण हसले, काय करणार? न हसून कुठे जाणार होते?

नानाला एवढा राग का आला, ते मला मोठी झाल्यावर कळलं. मला आधी वाटायचं, विटाळाचा राग. मांडीला मांडी लावून बसतील म्हणून. तोही होताच. पण खरी मेख वेगळी. गाडी भिलाटीसमोर थांबली की भिलाटी चोपड्याला जाईल. कापसाच्या जिनिंगला जाईल, बांधकामावर जाईल, पोरी शाळेत जातील. मग केळीचे घड कोण वाहणार? गाडी थांबली नाही की मजूर थांबतो. साधा हिशोब. त्यासाठी एका पोरीचा हात मोडावा लागला, तर त्याला काय जड?

आणि तो हिशोब अचूक होता, मेला. माझ्या हातानंतर भिलाटीत कोणी हात वर केला नाही. एकाही माणसाने नाही. म्हातारी आजारी पडली तर खाटेवर घालून गावात नेली. बाळंतीण चालवत नेली. गाडी दारावरून जायची तेव्हा लोक हात पदराखाली घ्यायचे, चुकून वर जाऊ नये म्हणून. माझा मोडका हात दाखवून पोरांना गप्प करायचे. "बघ, ताईना हात बघ."

मी शिकले. कशी शिकले ते विचारू नका. गावातल्या थांब्यावर रोजची मारामारी. "जागा धरेल शे," म्हणत पिशव्या सीटवर. एकाने ओढणी ओढली म्हणून मी त्याच्या तोंडावर डबा मारला, त्याचा दात पडला. मग त्याच्या भावांनी मला नाल्यात धरून तुडवलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थांब्यावर. माय म्हणायची, "तू मरशी एक दिन." मी म्हणायचे, मग एक तोंड कमी होईल. अशीच बोलायचे मी. गोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही.

पुढे कंडक्टरची भरती निघाली. डॉक्टरने माझं मनगट उलटसुलट केलं. "काम करतं का हे?" मी त्याच हाताने त्याची कोपरापाशी बाही धरून त्याला खुर्चीवरून अर्धा उठवला. तो म्हणाला, सोडा बाई, करतं. खाकी मिळाली. पहिल्या दिवशी मी रिकाम्या गाडीत जाऊन ती दोरी हातात धरली. नुसती धरून उभी राहिले. वेडीच दिसत असेन.

आधी फैजपूरकडे, मग चाळीसगावकडे, असे मार्ग केले. मग आमच्या गावची गाडी मिळाली. मी मायला निरोप धाडला. काय वाटलं होतं मला! लेक खाकी घालून गाडीच्या दारात उभी, आणि गाडी भिलाटीसमोर थांबली आहे. गाडी आली. भिलाटी रस्त्याच्या कडेला उभी होती. सगळी. माय पुढे. मी एक बेल मारली. एक म्हणजे थांबा. ड्रायव्हर गणपतभाऊ, भला माणूस, त्याने आरशातून बघितलं. "बाई, इथे थांबा नाही. बरं, कोणाचा हातही नाही. कशावर थांबवू?"

मी बाहेर बघितलं. खरंच. एकाचाही हात वर नव्हता. माय माझ्याकडे डोळे भरून बघत होती आणि तिचे दोन्ही हात पदरात होते. पुढच्या सीटवर नानाचा मुलगा बसला होता, बापू. आता सगळा कारभार तोच बघतो. तो मागे वळून हसला. गाडी निघून गेली. त्या दिवशी मला नानापेक्षा माझ्याच माणसांचा जास्त राग आला. खोटं कशाला बोलू?

त्याच सुमाराला वर कुठेतरी ठरलं की गाड्यांचे मार्ग लोकांना विचारून नव्याने आखायचे. कुठे थांबायचं, किती वाजता निघायचं, कोणती गावं एकमेकांना जोडायची, सगळं लोकांनी एकत्र बसून सांगायचं. धुळ्याचा एक तरुण साहेब नेमला होता. चांगलं बोलायचा. गावोगाव सभा घेणार होता.

मी सुट्टीच्या दिवशी भिलाटीत गेले. लिंबाखाली बायांना बसवलं. म्हटलं, साहेब येईल, विचारेल, तेव्हा तोंडात मूग धरून बसू नका. आधी आपलं ठरवा. भाची माझी रेखा, तिथेच होती. बारावी झालेली. चोपड्याला कॉलेजात नाव घातलं होतं. गावातल्या थांब्यावर बापूच्या पोरांनी तिला घेरून चिखलात बसवलं, केस धरून. तेव्हापासून कॉलेज बंद. नानाच्याच बागेत केळीची पानं कापत होती. ती म्हणाली, "मावशी, मला इथून गाडी पाहिजे. या लिंबाखालून. नाहीतर मी जाणार नाही. मेले तरी त्या थांब्यावर उभी राहणार नाही."

मग बाया बोलायला लागल्या. बाजाराची गाडी कधी, दवाखान्याची कधी, आश्रमशाळेची पोरं सुट्टीत कशी येतील. दगड मांडले, हे गाव, हा नाला, ही भिलाटी. रस्त्याने पुढच्या वस्त्यांतही गेले मी. त्या भिलाट्यांचंही तेच रडगाणं. गाडी दारावरून जाते, थांबत नाही. गावातल्याही काही गरीब बाया गुपचूप येऊन बसल्या. त्यांनाही नानाच्या सोयीची वेळ जाचत होती. सगळं ठरलं. पण एक म्हातारा म्हणाला, "बठ्ठं खरं, पन हात कोन वर करीन?"

तेव्हा माय बोलली. आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बारागाड्या ओढतात. बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, वर माणसं चढवायची, आणि भगताने कमरेला दोर बांधून त्या ओढायच्या. लोक म्हणतात देवाने ओढल्या. मागून खांदा लावतो आम्ही. ते कोणाला दिसत नाही. माय म्हणाली, "बारागाड्या आपनच ढकलतस. मंग हाई एक गाडी काय जड शे?"

सभा मारुतीच्या पारापुढे झाली. मंडप, खुर्च्या, माइक. गावच्या पोरींनी जमिनीवर रांगोळीने सगळ्या परिसराचा नकाशा काढला होता. साहेबाची ती पद्धत होती. नकाशा सगळ्यांना दिसतो, सगळ्यांना हात लावता येतो, असं तो म्हणाला. छान काढला होता, खरं सांगते. पिवळा रस्ता, निळा नाला, हिरव्या बागा. नानाच्या घराला लागून त्याचं केळीचं गोदाम तर केवढं मोठं, त्याच्यापुढे लाल ठिपका. म्हणजे थांबा. गाव, शाळा, दूध डेअरी, मारुती. आणि रस्त्याला लागून जिथे आमची घरं, तिथे नुसती मोकळी जमीन. झाडही नाही. लिंबाचं झाड तरी काढायचं!

आम्ही खाली, मंडपाच्या बाहेर, उन्हात. नाना पुढे खुर्चीत. म्हातारा झालेला, पण आवाज तोच.

साहेब म्हणाला, "काही राहिलंय का? ज्यांचं राहिलं असेल त्यांनी हात वर करा."

हात वर करा! त्या बिचाऱ्याला काय माहीत तो काय बोलतोय.

नानाने खुर्चीतूनच मान वळवली. आमच्याकडे बघितलं. भिलाटीचे हात जे पदरात गेले ते गेले. लिंबाखाली तलवारी उपसणाऱ्या बाया, सगळ्यांच्या माना खाली. रेखाचा हात अर्धा उठला होता, तिच्या आईने तो ओढून मांडीखाली दाबला. माझं डोकं फिरलं. मी हात वर केला. उजवा, वाकडा.

"काय राहिलं?"

"भिलाटी."

"या ना, काढा तुम्ही."

मी माणसांतून वाट काढत गेले. वाट कोणी दिली नाही, मी कोपराने केली. नकाशापाशी बसले, चिमटीत पांढरी रांगोळी घेतली आणि रस्त्याच्या कडेला एकेक घर काढायला लागले. म्हटलं, "आमनी भिलाटी आठे शे."

नाना उठला. मारुतीसमोर कोणी चपला घालत नाही. त्यानेही काढून ठेवल्या होत्या. उठताना त्याने त्या पायात सरकवल्या, मुद्दाम. आमची घरं पुसायला त्याला चपला लागल्या. तो नकाशावर आला आणि पायाने रांगोळी फिसकटली. "तठे काहीच नही शे साहेब. आज शेतस, उद्या नहीत."

मी पुन्हा काढलं. त्याने पुन्हा पुसलं. मी तिसऱ्यांदा हात टेकला तेव्हा त्याने पाय पुसायला उचललाच नाही. सरळ माझ्या हातावर ठेवला आणि सगळा भार टाकला. टाच फिरवली. विडी विझवतात तशी.

मी खालून त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, "हाऊ हात वळखस का नाना?"

त्याने बघितलं. कपाळाला आठ्या. त्याला काही आठवत नव्हतं. आई शपथ सांगते, त्याला आठवत नव्हतं! मी इतकी वर्षं तो हात घेऊन जगले. त्याच हाताने भाकरी केली, त्याच हाताने तिकिटं फाडली, थंडीत रात्र रात्र तो दुखला. आणि ज्याने मोडला तो आठवून बघत होता की ही कोण. माझ्या अंगातून जाळ निघाला. मोडल्याचा इतका राग मला आला नव्हता.

मी डाव्या हाताने त्याचा घोटा धरून खेचायला लागले. पाय हलेना. आणि तेवढ्यात माय आली. उन्हातून मंडपात कधी शिरली कोणाला कळलं नाही. ती वाकली. सगळ्यांना वाटलं, पुन्हा पाय धरणार. नानालाही तसंच वाटलं असेल, कारण त्याने पाय पुढे केला.

मायने त्याच्या पोटरीला दात लावले.

तिला दात तरी किती उरलेत. पण जे होते ते सगळे रुतवले. नाना ओरडला, तो आवाज माइकमधून सगळ्या गावात गेला. तो उताणा पडला, हिरव्या बागांवर, स्वतःच्या गोदामावर. माय सोडेना. बापू धावत आला आणि त्याने मायच्या बरगडीत लाथ घातली. एक, मग दुसरी. मला हाडाचा आवाज ओळखू येतो. मी जवळचा रांगोळीचा डबा उचलला आणि अख्खा त्याच्या डोळ्यांत मारला. रांगोळी म्हणजे दगडाचीच भुकटी. तो डोळे धरून भेलकांडला. मी डबा पुन्हा मारला. कपाळ फुटलं. त्याच्या माणसांनी मला केसांनी धरून पाडलं. तोंडात माती, रक्त, कुठले कुठले रंग. खुर्च्या हवेत उडत होत्या.

मग मी तो आवाज ऐकला. भिलाटी उठली होती. बाया मंडपात घुसल्या. ज्यांचे हात पदरात होते त्यांनीच मंडपाचे बांबू उपटले. रेखाने तर तो एक पोरगा बरोबर शोधून काढला, ज्याने तिला चिखलात बसवलं होतं, आणि त्याचं तोंड दूध डेअरीच्या रांगोळीवर घासलं. साहेब जीपमध्ये बसून काच वर करून जीपच्या भोंग्यावरून बोलत होता, "शांतता राखा, शांतता राखा." कोणाची शांतता, बाबा? आमची तर जन्मभर राखली होती.

पुढचं सांगते थोडक्यात. मायच्या बरगड्या मोडल्या. माझा हात पुन्हा मोडला, त्याच जागी. पोलिसांत आमच्या आधी तेच पोचले. चोराच्या उलट्या बोंबा. म्हणे भिलाटीने सभा उधळली, वृद्ध माणसावर हल्ला केला. आमचीही फिर्याद झाली, पण हवालदाराने तोंड वाकडं करून घेतली. साहेब मला दवाखान्यात भेटायला आला. बिस्किटाचा पुडा आणला होता. म्हणाला, "तुमच्या गावात मतभेद आहेत. तूर्त पुढे ढकलू. गाव एकत्र आल्याशिवाय आराखडा होणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, एकत्रच होतो की. माझा हात त्याच्या पायाखाली होता. याच्याहून एकत्र कसं यायचं?"

मुलगा वाईट नव्हता. पण वाईट नसून उपयोग काय? मी बिस्किटं पोरांना वाटली.

नानाने बागेतलं काम बंद केलं, विहिरीचं पाणी बंद केलं. त्याला वाटलं, चार दिवसांत पायाशी येतील. नाही आले. बाया चालत चोपड्याला जायला लागल्या, बांधकामावर. पाय फुटले, पण गेल्या. आणि जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक भिलाटीत बसत गेल्या. साहेबाने पुढे ढकललेलं काम त्यांनी पुढे नेलं. मंडप नाही, माइक नाही. ठरलं असं: प्रत्येक भिलाटीने हात दाखवायचा. सगळ्यांनी, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. गाडी थांबली तर ठीक. नाही थांबली, तर पुढच्या भिलाटीला फोन करायचा, आणि तिने सगळी माणसं रस्त्यावर आडवी उभी करायची. एकीला सोडून गेलेली गाडी दुसरीने सोडायची नाही. वेळाही ठरल्या. शाळेच्या, बाजाराच्या, दवाखान्याच्या. गावातल्या त्या गरीब बायाही आता उघडपणे आल्या. आमचा आराखडा झाला. एकामागे एक गाड्या बांधतात तसा.

डेपोत माझी चौकशी लागली. प्लास्टर निघाल्यावर कामावर घेतलं. मी आमच्याच गावची गाडी मागितली. वाटप करणारा म्हणाला, "बाई, आगीतून फुफाट्यात कशाला जाता?" मी म्हटलं, माझं घर आहे तिथे. दुसरं कोणी त्या मार्गावर जायला तयारही नव्हतं.

सकाळची गाडी. गणपतभाऊ चालवायला. पुढच्या सीटवर बापू, एक डोळा अजून लाल, कपाळावर टाक्यांची खूण. माझ्याकडे बघत होता. भिलाटी लांबून दिसली. आधी मला वाटलं, लिंबाखाली काहीतरी वाळत घातलंय. मग दिसलं, ते हात आहेत. सगळ्यांत पुढे माय, छातीला पट्टा बांधलेली, एका हाताने रेखाचा खांदा धरून दुसरा वर. रेखाच्या पाठीवर दप्तर. मागे सगळी वस्ती. हातच हात.

मी दोरी ओढली. एकदा.

"बाई, थांबा नाही," गणपतभाऊ म्हणाला.

"हात आहेत ना भाऊ. गाडीवर काय लिहिलंय ते वाचता येतं ना?"

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग बापूकडे. आणि ब्रेक मारला. अगदी लिंबाखाली.

बापू उठला. "डबल मार," म्हणाला. "गाडी हलाव. नहीतर आते हाऊ हात खांद्यातून काढी टाकसू." सगळी गाडी बघत होती. या वेळीही कोणी जागचं उठलं नाही. मी काही अपेक्षाही केली नव्हती. मी दोरी धरून उभी राहिले. रेखा चढली. तिला मी पुढच्या सीटवर बसवलं, बापूच्या जागेवर. तो उभा होता, जागा रिकामी होती. बाया चढल्या. मायला बरगडीमुळे पायरी चढवेना, तिला खालून खांदा लावून वर घेतलं. तोवर डबल वाजली नाही. बापू दात खात खाली उतरला. दाराशी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "बघी लेसू तुले." मी म्हटलं, "उद्या याच गाडीला असते. ये."

त्यानंतर गाडीची मागची काच दगडाने फुटली. माझ्या घरावर दगड आले. गणपतभाऊने बदली मागितली, त्याला दोष देत नाही. नव्या ड्रायव्हरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, एक बेल ऐकलीस की थांबायचं, बाकी माझ्यावर सोड. चौकशी चालू आहे. आमचा थांबा अजून कुठल्याही नकाशात नाही. रेखा कॉलेजात जाते. गाडी रोज थांबते.

आता ऐका, कान उघडे ठेवून. नाना असो, बापू असो, त्यांच्यापुढे खुर्ची मांडणारा कोणी असो. उजवा हात दोनदा मोडून झालाय. तिसऱ्यांदा मोडा. डावा आहे. डावाही मोडा. मायच्या तोंडात होते त्याच्या दुप्पट दात माझ्या तोंडात आहेत, आणि गाडीतली ती दोरी मी गाठ सोडून खाली लोंबती करून घेतली आहे. उभ्या उभ्या तोंडाला पुरते.